मुक्या आरमाराचे कान

दुसऱ्या महायुद्धातील आरमारी संग्रामाचा इतिहास लिहिताना तोफांचा व्यास, पाणतीरांचा पल्ला आणि युद्धनौकांचा वेग यांचा तपशील अत्यंत साक्षेपाने नोंदविला गेला आहे. परंतु ज्या यंत्रावाचून त्या तोफांना लक्ष्य आणि त्या नौकांना दिशा लाभली नसती, त्या बिनतारी ग्राहकयंत्राविषयी, म्हणजे ज्याला आपण सरळ रिसीव्हर म्हणतो त्याविषयी, चार विश्वसनीय वाक्ये मिळवावयाची झाल्यास जिज्ञासूला ठिकठिकाणच्या दफ्तरखान्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. हे केवळ इतिहासकारांच्या अनास्थेमुळे झाले असे मला वाटत नाही. प्रक्षेपक बोलतो, आणि बोललेल्याची खूण कोठे ना कोठे राहते. ग्राहकयंत्र ऐकते, आणि आपण ऐकतो आहोत हे कोणास कळू न देणे हीच त्या कामाची पहिली अट असते. युद्ध संपल्यावर तोफांची चित्रे प्रसिद्ध झाली. शत्रूचे संदेश चोरून ऐकून उकलण्याचे जे विराट कार्य इंग्लंडात ब्लेचली पार्क येथे चालले होते, त्याची वाच्यता मात्र १९७४ पर्यंत मोकळेपणाने होऊ शकली नाही, आणि तोवर त्या श्रवणाची साधने भंगारात, लिलावांत आणि हौशी मंडळींच्या माळ्यांवर पांगून गेली होती.

या यंत्रांचे महत्त्व ध्यानात यावयाचे तर समुद्रावरील नौकेची कुचंबणा प्रथम समजून घेतली पाहिजे. भर समुद्रात असलेल्या जहाजाने संदेश धाडण्यासाठी एकदा कळ दाबली की त्याच्या लहरी मित्राकडे जातात तशाच शत्रूकडेही जातात, आणि किनाऱ्यावरील दोन-तीन ठिकाणांहून त्या लहरींची दिशा मोजून नकाशावर रेषा ओढल्या की जहाजाचे ठिकाण उघडे पडते. म्हणून युद्धकाळी नौकांना मौनाची सक्त ताकीद असे. आरमारी खात्याने त्यावर जी तोड काढली ती साधी पण परिणामकारक होती : किनाऱ्यावरील बलाढ्य केंद्राने सर्व हुकूम व वार्ता सांकेतिक लिपीत, अनुक्रमांक घालून, ठरावीक वेळी अवकाशात सोडीत राहावयाचे, आणि प्रत्येक नौकेने ते निमूटपणे उतरवून घ्यावयाचे, पोच कोणी द्यावयाची नाही. मधला एखादा क्रमांक हुकला तर तो कोणता हे ऐकणाराला कळे, परंतु तो पुन्हा मागण्यासाठी तोंड उघडण्याची मुभा नसे. त्यामुळे बिनतारी कक्षात रात्रंदिवस पाळीपाळीने कानांस श्रवणयंत्र लावून बसणारा मनुष्य आणि त्याच्यासमोरील धातूची पेटी, एवढाच त्या नौकेचा जगाशी असलेला धागा राही.

ब्रिटिश आरमाराची ही उद्घोषणा करणाऱ्या केंद्रांत रग्बी येथील केंद्राचा मान मोठा होता. १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झालेले हे केंद्र १६ किलोसायकलवर, म्हणजे सेकंदाला अवघ्या सोळा हजार आंदोलनांच्या संथ आणि अतिदीर्घ लहरींवर चाले. अशा लहरी पृथ्वीच्या वळणाबरोबर दूरवर जातात, आणि त्यांचा काही अंश समुद्राच्या पृष्ठाखालीही शिरतो. जर्मनांनी हेच तत्त्व अधिक भव्य प्रमाणावर उचलले. काल्बे गावाजवळ त्यांनी उभारलेले ‘गोलियाथ’ नामक केंद्र १९४३ मध्ये सुरू झाले. त्याची शक्ती १००० किलोवॅट होती आणि पाण्याखाली काही मीटर खोल गेलेल्या पाणबुडीलाही त्याचे हुकूम ऐकू येत. युद्धानंतर रशियनांनी ते अजस्र यंत्र उतरवून आपल्या देशात नेले व गॉर्की शहराजवळ पुन्हा उभे केले. आरमारी बिनतारीच्या अवशेषांचा माग काढणाराला कोणत्या देशाच्या दारी जावे लागेल याचा नेम नसतो, तो असा.

बोलण्याचे आणि ऐकण्याचे ठिकाण वेगळे असावे, ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी दळणवळण सुरू झाले तेव्हा प्रक्षेपणाचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहणाचे केंद्र कित्येक मैल दूर दौंडला उभारण्यात आले होते, कारण जवळच्याच प्रक्षेपकाच्या गर्जनेत सातासमुद्रांपलीकडून आलेला क्षीण स्वर बुडून जातो. जमिनीवर मैलांचे अंतर राखता येते. नौकेवर ते कोठून आणावयाचे? तेथे प्रक्षेपकाची आणि ग्राहकाची एरियल काही हातांच्या अंतरावर, एकाच डोलकाठीच्या आसऱ्याने उभी. त्यात विद्युत्‌जनित्रांचा खरखराट, तोफांच्या माऱ्याने बसणारे हादरे आणि खारट दमट हवा. घरातील रेडिओ अशा जागी आठवडाभरही तग धरणार नाही. आरमारी ग्राहकयंत्र घडविताना अभियंत्यांना संवेदनशीलतेइतकीच सहनशीलताही साधावी लागली, आणि त्या काळच्या यंत्रांचे अवजड पोलादी कवच, जाड पत्र्याचे अंतर्गत कप्पे व भक्कम गिअर पाहिले म्हणजे या अटी किती गंभीरपणे पाळल्या गेल्या याची साक्ष पटते.

अशा यंत्रांत ब्रिटिश आरमाराचे जे यंत्र मला सर्वाधिक अभ्यसनीय वाटते ते ‘बी २८’ होय. चेम्सफर्डच्या मार्कोनी कंपनीने ते ‘सीआर १००’ या नावाने सिद्ध केले. आरमाराने स्वीकारल्यावर त्याला आपले स्वतंत्र नामाभिधान दिले. ६० किलोसायकलपासून ३० मेगासायकलपर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश सहा पट्ट्यांत विभागून ते ऐकू शके, मात्र ४२० ते ५०० किलोसायकल एवढा तुकडा त्यात नव्हता. ही उणीव नजरचुकीने राहिलेली नाही. हे यंत्र सुपरहेटरोडाइन पद्धतीचे आहे : आलेल्या लहरीशी यंत्रातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळून तिसरी, कायम ठरावीक आंदोलनांची मध्यस्थ लहर तयार करावयाची आणि खरे बलवर्धन त्या मध्यस्थ लहरीचे करावयाचे, अशी ही युक्ती. ‘बी २८’ मध्ये ही मध्यस्थ लहर ४६५ किलोसायकलची असल्याने त्याच्या आसपासची बाहेरची लहर आत घेऊ गेल्यास सारा गोंधळ माजला असता. म्हणून तेवढी वाट बंदच ठेवली. पण ५०० किलोसायकल ही तर बुडत्या जहाजांच्या आर्त हाकेची आंतरराष्ट्रीय जागा. तेथे पोहोचताच वाट पुन्हा खुली होते. ज्या अभियंत्याने ही सीमा नेमकी तेथे आखली, त्याच्या मनात समुद्रावरील माणसे होती.

या यंत्रात अकरा व्हॉल्व्ह होते. मिश्रणापूर्वी बलवर्धनाच्या दोन पायऱ्या, त्यानंतर मध्यस्थ लहरीच्या तीन, अशी त्याची रचना. परंतु ते वापरणाऱ्या तारायंत्रीला त्याचा खरा उपयोग वाटे तो लहरपट्टीची रुंदी बदलण्याच्या बटनाचा. ६००० आवर्तनांपासून क्रमाक्रमाने ३०००, १२००, ३०० आणि थेट १०० आवर्तनांपर्यंत ती अरुंद करता येई. त्या काळी रात्रीच्या अवकाशात शेकडो केंद्रांचे टिंटिंकार एकमेकांवर आदळत असत. त्या कोलाहलातून आपला एकच क्षीण स्वर वेगळा काढावयाचा असेल तर हळदीकुंकवाच्या गर्दीत आई आपल्या मुलाचे रडणे ओळखते तसे यंत्राला बाकी सारे वगळता आले पाहिजे. शंभर आवर्तनांच्या चिंचोळ्या वाटेतून मोर्सचे ठिपके-रेघा तेवढ्या सुटत, आणि ऐकणाराला त्या घंटेसारख्या घुमल्याचा भास होई. अतिदीर्घ लहरींसाठी ‘बी २९’ हे भावंड यंत्र होते, जे १५ किलोसायकलपर्यंत खाली जाई, आणि रग्बीचा आवाज त्याच्याच टप्प्यात येई. ‘बी २८’ची मातब्बरी अशी की युद्धानंतरही ते बरीच वर्षे नौकांवर राहिले, आणि मर्फी कंपनीचे ‘बी ४०’ आल्यावरच हळूहळू निवृत्त झाले.

एखादे बेवारस यंत्र हाती आल्यावर त्याचे कुलशील कसे शोधावे, हा या विषयाचा फार रसाळ भाग आहे. पुढच्या पत्र्यावर ठोकलेली लहानशी धातूची पट्टी ही पहिली सनद. ब्रिटिश आरमाराच्या वस्तूवर आरमारी नमुना क्रमांक असतो, आणि सरकारी मालमत्तेची खूण म्हणून बाणाचे चिन्ह. पट्टी गहाळ झाली असेल तर आत डोकवावे. व्हॉल्व्हवरील अक्षरे बोलकी असतात : आरंभी आरमार, सैन्य आणि विमानदल यांची नामकरणे वेगवेगळी होती, आरमाराच्या ग्राहक व्हॉल्व्हवर ‘एनआर’ आणि विमानदलाच्या व्हॉल्व्हवर ‘व्हीआर’ अशी अक्षरे येत, पुढे तिन्ही दलांनी मिळून ‘सीव्ही’ ही सामाईक मालिका सुरू केली, आणि तीवरून बदललेला व्हॉल्व्ह कोणत्या सुमाराचा याचा अदमास बांधता येतो. कागदी संधारकांवर कधी कधी घडणीची तारीख छापलेली असते. अमेरिकन आरमाराची शिस्त याहून कडक. त्यांच्या यंत्रांच्या नावातील पहिले ‘आर’ हे अक्षरच ग्राहकयंत्राचे. ‘आरबीबी’ व ‘आरबीसी’ ही न्यू जर्सीतील आरसीए कंपनीची जोडी, पहिले मध्यम लहरींसाठी आणि दुसरे लघुलहरींसाठी. पट्टीवर ‘सीआरव्ही’ ही अक्षरे असली तर कारखाना आरसीएचा, आणि पुढच्या आकड्याचा प्रारंभ ४६ ने झाला असला तर वस्तू ग्राहकयंत्रांच्या वर्गातली, इतके वाचता आले की पुढचा शोध सुकर होतो. जर्मनांनी मात्र युद्ध सुरू झाल्यावर कारखान्यांची नावे काढून त्याजागी सांकेतिक अक्षरे घातली, जेणेकरून हस्तगत झालेल्या यंत्रावरून शत्रूच्या विमानांना कारखान्याचा पत्ता लागू नये. ती अक्षरे उलगडणारी यादी हाताशी नसेल तर पट्टी असून नसल्यासारखी.

वस्तू आणि दफ्तर ही दोन्ही ताडून पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे मी आग्रहाने सांगेन. मार्कोनी कंपनीची कागदपत्रे २००४ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाकडे आणि यंत्रे तेथील विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयाकडे गेली. पोर्टस्मथच्या आरमारी संकेतशाळेतून १९४१ मध्ये ‘ॲडमिरल्टी सिग्नल एस्टॅब्लिशमेंट’ ही संस्था निर्माण झाली आणि बाँबहल्ल्यांमुळे ती हॅसलमिअरला हलली. तिचे अहवाल लंडनमधील किऊ येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात आरमारी कागदांच्या शाखेत जतन केलेले आहेत. या कागदांत यंत्र कसे असावे हे सापडते. ते कसे वापरले गेले हे यंत्राच्याच अंगावर लिहिलेले असते. बोटांनी झिजलेले बटन, तबकडीवर पेन्सिलीने केलेली एखादी खूण, नियमबाह्य डाग देऊन जोडलेली एक तार : ही सारी कोणा अज्ञात तारायंत्रीची वा दुरुस्ती करणाराची हस्ताक्षरे आहेत. म्हणूनच यंत्र चकचकीत करण्याच्या हौसेपायी जुना रंग खरडून काढणारे आणि मूळ भाग फेकून देणारे लोक इतिहासाचे जे नुकसान करतात ते मला असह्य वाटते. लंडनला टेम्स नदीत उभ्या असलेल्या ‘बेल्फास्ट’ या क्रूझरवर हौशी बिनतारी मंडळाने बिनतारी कक्षाची देखभाल चालविली आहे. जुनी यंत्रे काचेआड ठेवण्यापेक्षा चालती ठेवणे हे कठीण व अधिक फलदायी काम आहे.

ऐकणारे यंत्र पूर्णपणे मुके असते असे आपण समजतो. पण ते तसे नाही, आणि या एका सूक्ष्म दोषाने युद्धात मोठी खळबळ उडविली. सुपरहेटरोडाइन यंत्रात जी अंतर्गत लहर निर्माण करावी लागते, तिचा अल्पसा अंश एरियलमधून बाहेर झिरपतो. व्यापारी जहाजांवर खलाशांच्या करमणुकीसाठी ठेवलेल्या साध्या रेडिओंची ही गळती पाणबुड्यांना वाट दाखवील, या भीतीने अमेरिकेत असे रेडिओ बंद करून, अत्यल्प गळतीची खास यंत्रे मान्य करण्यात आली, शिकागोच्या ई. एच. स्कॉट यांच्या कारखान्याने ती बनविली. जर्मन बाजूस हीच भीती अधिक अनर्थकारक ठरली. १९४२ च्या उत्तरार्धापासून पाणबुड्यांवर ‘मेटॉक्स’ नावाचे फ्रेंच बनावटीचे ग्राहकयंत्र असे. लाकडी क्रुसावर ताणलेल्या त्याच्या एरियलने ब्रिटिश विमानांच्या दीड मीटर लहरींच्या रडारची चाहूल वेळेवर लागे. पुढे १९४३ च्या आरंभी विमानांत १० सेंटिमीटर लहरींचे नवे रडार आले, ज्याचे हृदय म्हणजे रँडल आणि बूट यांनी १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे सिद्ध केलेले मॅग्नेट्रॉन होय. ते मेटॉक्सला ऐकूच येईना. पाणबुड्या अंधारात अकस्मात सापडू लागल्या. जर्मनांनी प्रयोग करून पाहता मेटॉक्सची गळती खरोखरच आढळली, आणि १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मन आरमाराचे सेनापती डोनिट्झ यांनी ते यंत्र बंद ठेवण्याचे फर्मान काढले. वस्तुतः त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रॉटरडॅमजवळ पडलेल्या ब्रिटिश विमानातून दहा सेंटिमीटरचे यंत्र जर्मनांच्या हाती आलेले होते. तरी त्या माहितीचा पाणबुडीदलाला वेळेवर उपयोग झाला नाही.

दुसरा गैरसमज याहून घातक होता. अटलांटिकवरील पाणबुड्यांच्या झुंडी किनाऱ्यावरील मुख्यालयाशी लघुसंदेशांनी बोलत. तारायंत्री काही सेकंदांत कळ सोडीत असल्याने दिशा मोजणे शत्रूला अशक्य, असा त्यांचा भरवसा होता. किनाऱ्यावरच्या जुन्या साधनांपुरता तो खराही होता. परंतु रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी १९२० नंतरच्या दशकात विजांच्या कडकडाटाची दिशा टिपण्यासाठी दोन जुळ्या ग्राहकयंत्रांना कॅथोड-किरण नळी जोडण्याची पद्धत काढली होती. तीत लहर येताक्षणी पडद्यावर तेजोरेषा उमटते, आणि अंश वाचावयास क्षणभर पुरतो. ही योजना नौकेवर बसविताना डोलकाठ्या आणि दोरखंड लहरींना वाकवीत; तो अडसर दूर करणाऱ्या एरियलचे श्रेय वाट्सवाव स्ट्रुशिन्स्की या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याकडे जाते. त्याच्या परिश्रमातून ‘एफएच ४’ हे यंत्र संरक्षक नौकांवर चढले. स्पेनच्या किनाऱ्यावरून जिब्राल्टर बंदरातील नौकांची छायाचित्रे घेणाऱ्या जर्मन हेरांच्या चित्रांत ही एरियल स्पष्ट दिसत होती. पाहणाऱ्यांनी ती रडारची समजली. मे १९४३ या एका महिन्यात ४१ पाणबुड्या बुडाल्या आणि २४ तारखेला डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून आपल्या झुंडी मागे घेतल्या. संकेतलिपीची उकल, नवे रडार, दूर पल्ल्याची विमाने यांचा या विजयात मोठा वाटा आहे, परंतु त्यांच्या बरोबरीने या दिशादर्शक ग्राहकयंत्राचे नाव घ्यावयास हवे, आणि बहुधा तेच राहून जाते.

या विराट व्यवहाराचे पूर्वेकडील ठाणे आपल्या शेजारी होते. जपानी आरमाराचे संदेश ऐकणारे ब्रिटिश केंद्र सिंगापूर धोक्यात येताच जानेवारी १९४२ मध्ये कोलंबोला हलले, आणि तेथील एका महाविद्यालयाच्या इमारतीत थाटले गेले. जपानी मोर्स काना लिपीची. तिच्या खुणा रोमन वर्णमालेच्या मोर्सहून कितीतरी अधिक, आणि त्या जपानी तारायंत्रीच्या वेगाने टिपणे हे वेगळेच शास्त्र. अमेरिकनांनी १९२८ पासून वॉशिंग्टनच्या आरमारी कचेरीच्या गच्चीवर खोली बांधून त्याचे शिक्षण दिले होते, आणि १९४१ पर्यंत तेथून १७६ माणसे तयार होऊन बाहेर पडली. कोलंबोच्या श्रोत्यांनी सिलोनवरील आगामी हल्ल्याची सूचना दिली होती. ४ एप्रिल १९४२ रोजी बर्चल या कॅनडियन वैमानिकाने जपानी नौदल प्रत्यक्ष पाहून संदेश धाडला आणि तो पुरा होण्याआधीच त्याचे विमान पडले, तरी तो अपुरा संदेश किनाऱ्याने टिपला. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला. त्यानंतर हे केंद्र आफ्रिकेत मोंबासाजवळ किलिंदिनीला नेले, आणि तेथे यंत्रे तीच, माणसे तीच असूनही जपानी आवाज इतका क्षीण येऊ लागला की काम जवळपास कुंठित झाले. सप्टेंबर १९४३ मध्ये ते पुन्हा कोलंबोला आणल्यावरच सूर लागला.

त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्यात जे घडले त्याची हकीकत माग काढणाराच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. युद्ध सुरू झाल्यावर एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन व ॲनफोरा हे इटालियन अशी चार व्यापारी जहाजे तटस्थ पोर्तुगीज मुरगाव बंदरात आश्रयाला आली होती. एरेनफेल्सवर गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून पाणबुड्यांना जहाजांची वार्ता जाते, असा इंग्रजांचा ग्रह झाला. आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘फीबी’ नावाच्या बार्जवरून कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवी दलाचे बहुतांशी प्रौढ वयाचे सदस्य बंदरात शिरून त्या जहाजावर चढले. कप्तान मारला गेला. जर्मन खलाशांनी जहाज स्वतःच बुडविले, आणि उरलेल्या जहाजांचीही तीच गत झाली. ही गोष्ट १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने उजेडात आली आणि दोन वर्षांनी तिच्यावर चित्रपट निघाला, तेव्हापासून त्या यंत्राने किती जहाजांचा घात केला याचे मोठमोठे आकडे सांगितले जातात. मी ते आकडे स्वीकारीत नाही. ज्या यंत्रावरून हा सारा न्याय करावयाचा ते समुद्रात गेले, हिंदी महासागरात जर्मन पाणबुड्यांचा मोठा संचार त्यानंतर सुरू झाला, आणि रंगवून सांगितलेली कथा एकदा रूढ झाली की दफ्तराकडे वळण्याची गरजच कोणाला भासेनाशी होते.

मुंबईचा संबंध मात्र निर्विवाद आहे. १९३९ मध्ये दोन हजारही नसलेले रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ युद्धाअखेरीस पंचवीस हजारांवर गेले, आणि या नव्या तरुणांपैकी ज्यांना संदेशविद्या शिकवावयाची ते कुलाब्याच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरील संकेतशाळेत येत. निवड इंग्रजी जाणणाऱ्या, शिकलेल्या मुलांतून होई. कारण या कामास मोर्सचा वेग, आकड्यांवर एकाग्रता आणि रात्रीच्या प्रहरी न ढळणारे अवधान लागे. मराठी, पंजाबी, बंगाली, मद्रासी अशी सर्व प्रांतांची पोरे एका बाकावर बसून तीच टिकटिक ऐकत. जगाच्या बातम्या त्यांच्या कानांतून सर्वांआधी जात, ही गोष्ट त्यांच्या वरिष्ठांच्या पुरेशी ध्यानात आली नव्हती. तारायंत्री बलाईचंद्र दत्त यांनी १ डिसेंबर १९४५ च्या नौदलदिनी तेथे ‘भारत छोडो’च्या अर्थाच्या घोषणा रंगविल्या, २ फेब्रुवारी १९४६ ला त्यांना अटक झाली. कमांडर किंग यांच्या शिवीगाळीने आणि निकृष्ट अन्नाने संताप शिगेला पोहोचला, आणि १८ फेब्रुवारीला तलवारच्या खलाशांनी अन्न व काम दोन्ही नाकारले.

पुढील दोन दिवसांत हा संप जहाजाजहाजांवर, कराचीपासून कलकत्त्यापर्यंत पोहोचला. वर्तमानपत्रे आणि आकाशवाणीच्या वार्ता यांचा त्यात वाटा होता. परंतु संपकऱ्यांच्या हाती स्वतःची संदेशयंत्रणा होती, आणि ती चालविणारे हातच संपावर होते, हे विसरता येणार नाही. १९ तारखेला निवडलेल्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे सिग्नलमन आणि उपाध्यक्ष मदनसिंग हे तारायंत्री होते. ७८ जहाजे, २० ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी यांत सामील झाले असे साधारणपणे मानले जाते. त्यांच्यासमोर उभे ठाकलेले आरमारप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे हे १९३९ ते १९४२ या काळात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख होते. अटलांटिकमधील पाणबुड्यांच्या दिशारेषा ज्या लंडनच्या तळघरात नकाशावर उतरत, तो कारभार त्यांच्याच अखत्यारीत चाले. श्रवणाचे सामर्थ्य त्यांच्याहून अधिक जाणणारा अधिकारी हिंदुस्थानात नव्हता. २१ फेब्रुवारीला त्याच गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून खलाशांना बजावले की, सरकारचे सारे बळ वापरावे लागले आणि त्यात हे आरमार नष्ट झाले तरी बेशिस्त चालू दिली जाणार नाही. त्याच दिवशी कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला. मुंबईच्या रस्त्यांवर पुढील दोन दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक प्राणास मुकले. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीला समितीने शरणागती पत्करली.

यानंतर सरकारने न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्यात कोचीनचे कृष्णस्वामी अय्यंगार, न्यायमूर्ती मेहरचंद महाजन, व्हाइस ॲडमिरल पॅटरसन आणि मेजर जनरल रीस हे सदस्य होते. आयोगाने खलाशांचे व अधिकाऱ्यांचे जाबजबाब घेतले आणि दीर्घकाळ दाद न लागलेल्या गाऱ्हाण्यांना संपाचे मूळ ठरविले. हिंदी तारायंत्र्यांच्या जीवनाचा, त्यांच्या शिक्षणाचा, बराकींचा आणि पहाऱ्यांचा शोध ज्याला घ्यावयाचा आहे त्याने प्रथम या अहवालाकडे आणि त्यानंतर दत्त यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाकडे वळावे. दत्त यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. पुढे ते मुंबईतच ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकारिता करू लागले. यंत्रांच्या नमुना क्रमांकांची यादी करणारे अभ्यासक या दोन्ही ग्रंथांकडे सहसा फिरकत नाहीत, आणि संपाचा इतिहास लिहिणारे यंत्रांकडे वळत नाहीत. तलवारच्या वर्गात मेजांवर कोणकोणती ग्राहकयंत्रे मांडलेली होती, ती कोणत्या कारखान्याची, कोणत्या वर्षी कोणत्या जहाजाने उतरली आणि आरमाराच्या फाळणीच्या वेळी कोणाच्या वाट्याला गेली, हा शोध लावण्यास लागणारी सामग्री किऊ, दिल्ली आणि मुंबई या तीन ठिकाणच्या दफ्तरांत विभागलेली आहे. ती एकत्र वाचणारा अभ्यासक मराठीतून पुढे यावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.